तिसऱ्या खाल्ल्यावर ओठ बधिर झाले तर...



मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर नेहमीप्रमाणे आरोग्याचं बोलणं निघालं. साखर, रक्तदाब, गुडघे. बायका उठायच्या बेतात होत्या, तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, परवा रातच्याला खाडीच्या तोंडाला पाणी निळं चमकत होतं. पोरं मोबाईलवर काढत होती. दुसऱ्या दिवशी मी तिथलेच खुबे काढले, आम्ही खाल्ले पण. काय होत नाय ना?"

मावशींना काही झालेलं नव्हतं. पण प्रश्न बिनचूक होता, आणि त्याचं उत्तर विहाराच्या दारात चपला घालता घालता देण्यासारखं नव्हतं. म्हणून या अंकात मधुमेहाचा राहिलेला भाग बाजूला ठेवून हा विषय घेते.

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर, उरणपासून श्रीवर्धनपर्यंत, ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून तिसऱ्या, खुबे, कालवं काढणाऱ्या बायका आपल्याच घरातल्या आहेत. विकून चार पैसे येतात आणि उरलेलं घरच्या कालवणात पडतं. गरिबाच्या ताटातलं हे चांगलं अन्न आहे. त्यात प्रथिनं आहेत, लोह आहे. ते सोडून द्या असं मी सांगणार नाही. पण क्वचित कधी या शिंपल्यांत असं विष साठतं की जेवण झाल्यावर अर्ध्या तासात ओठ बधिर होतात आणि काही तासांत श्वास थांबू शकतो. अशा वेळी घरच्यांनी काय करायचं ते आधीच माहीत असलं तर माणूस वाचतो.

आधी मावशींच्या चमकणाऱ्या पाण्याबद्दल. पावसाळा सरल्यावर आणि थंडीत अरबी समुद्रात नॉक्टिल्युका नावाचा अतिसूक्ष्म जीव भरपूर वाढतो. लाट फुटली की तो निळा उजेड टाकतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जुहूच्या किनाऱ्यावर हाच उजेड पाहायला लोक जमले होते. नॉक्टिल्युका स्वतः माणसाच्या मज्जातंतूंवर चालणारं विष तयार करत नाही. तो अमोनिया साठवतो, मेल्यावर कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो आणि त्यामुळे मासे गुदमरतात. मात्र जगात काही विषारी जातीही चमकतात, आणि काही विषारी जाती पाण्याचा रंगसुद्धा न बदलता शिंपल्यांत जाऊन बसतात. म्हणजे चमक दिसली म्हणून विष आहेच असं नाही, आणि चमक नाही म्हणून विष नाही असंही नाही. डोळ्यांनी पाहून याचा निकाल लावता येत नाही.

शिंपल्यात विष येतं कुठून? तिसरी, खुबा, कालव, शिणाणा हे सगळे पाणी गाळून जगतात. एक मोठं कालव तासाला कित्येक लिटर पाणी आत घेऊन बाहेर सोडतं आणि त्यातले सूक्ष्म कण खातं. ते कण म्हणजे बहुतेक शैवाल. हजारो जातींपैकी मोजक्याच जाती विषारी आहेत. पाणी कोमट झालं, नद्या-नाल्यांतून सांडपाणी आणि शेतातलं खत वाहत आलं, वारा आणि प्रवाह जुळून आले, की एखादी जात एकदम माजते. शिंपल्याला त्या विषाचा काही त्रास होत नाही. तो धट्टाकट्टा राहतो आणि विष मांसात साठवत जातो. या शैवालांची बीजं चिखलात वर्षानुवर्षं झोपून राहू शकतात. मोठी जहाजं तोल सांभाळायला पोटात भरून आणतात त्या पाण्यातूनही ती एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जातात, आणि आपल्या उरणला न्हावा-शेवा बंदर आहे.

या विषांतलं सगळ्यात वाईट म्हणजे सॅक्सिटॉक्सिन. ते जीव घ्यायला एक ते चार मिलीग्रॅम पुरतं असं मानलं जातं. चिमूटभर मीठ याच्या कितीतरी पट भरेल. बाजारात विकल्या जाणाऱ्या शिंपल्यांसाठी अन्नसुरक्षेच्या नियमात मर्यादा आहे, १०० ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅम. नियम कागदावर आहे. परदेशी जाणाऱ्या मालाची तपासणी होते, कारण तिकडचे लोक ती मागतात. खाडीतून टोपलीत, टोपलीतून घरी आलेल्या तिसऱ्यांची कोण करणार?

हे विष शिजवून जात नाही. कितीही वेळ उकळा, तळा, भाजा. वास येत नाही, चव बदलत नाही. बायका तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवून चिखल-वाळू काढतात, ती निघते, पण मांसात शिरलेलं विष निघायला आठवडे लागतात. आमसूल, चिंच, लिंबू यांनी "बाधत नाही" असं आपल्याकडे म्हणतात. आंबटात हे विष उलट जास्त टिकतं. चांदीचं नाणं टाकून पाहणं हा तर निव्वळ खेळ. आणि एक गोष्ट बायकांनी नीट लक्षात ठेवावी: हे विष पाण्यात विरघळतं. म्हणजे एकशिपी खाल्ली नाही, नुसतं सार प्यायलं, तरी विष पोटात जातंच.

सारावर मी मुद्दाम जोर देते आहे, कारण सार आपण कोणाला पाजतो? लहान पोराला आणि आजारातून उठलेल्या माणसाला. १९८७ साली मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला देशात समुद्रकाठच्या लोकांनी शिंपल्यांचं सार खाल्लं. १८७ लोक आजारी पडले, २६ मेले. मोठ्या माणसांत शंभरातले सातेक दगावले, पण अगदी लहान मुलांत आजारी पडलेल्यांपैकी निम्मी गेली. मुलाचं वजन कमी, म्हणून तेवढ्याच वाटीतलं विष त्याला जास्त लागतं.

हे परदेशातलं झालं असं कोणी म्हणू नये. १९८१ साली तमिळनाडूत वायलूर इथे शिंपले खाऊन ८५ लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं, तिघे गेले. १९८३ मध्ये मंगळूरजवळ अरिकाडीत एक मुलगा गेला. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये केरळात विळिंजमला शिणाणे खाऊन ५०० हून जास्त लोक दवाखान्यात आले आणि सात जण मरण पावले. मंगळूर आणि विळिंजम दोन्ही आपल्याच अरबी समुद्राच्या काठावर आहेत. रायगडच्या नावावर अशी मोठी साथ मला कुठे वाचायला मिळाली नाही. पण नोंद कशी होते, किंवा होत नाही, हे मी वॉर्डात पाहिलं आहे.

नर्सिंगचा डिप्लोमा करून नोकरीला लागले त्याला दोन वर्षं झाली असतील. मी काम करत होते त्या दवाखान्यात रात्री एक पस्तिशीची बाई आली. तोंडाभोवती मुंग्या, बोटांत मुंग्या, "मी हवेत असल्यासारखं वाटतंय" म्हणत होती. नवऱ्याशी भांडण झालं होतं असं सासू म्हणाली. झालं, तेवढं सगळ्यांना पुरलं. टेन्शन घेतलं, जोरजोरात श्वास घेतला की अशा मुंग्या येतात, हे खरंही आहे. तोंडापाशी कागदाची पिशवी धरायला दिली, एक इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. दोन तासांनी तिला खांद्यावर टाकून परत आणलं. जीभ जड, मान धरत नव्हती, श्वास वरवर. आम्ही चौघींनी पाळीपाळीने पहाटेपर्यंत हाताने अॅम्बू बॅग दाबली. ती वाचली. चार दिवसांनी चालत घरी गेली. केसपेपरवर लिहिलं "अज्ञात कारण". संध्याकाळी ती काय जेवली हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. पुढे या विषयावर वाचायला लागले तेव्हा तिची सगळी लक्षणं एकेक करून पुस्तकात भेटली, आणि आजही कोणी मुंग्या म्हटलं की माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, काय खाल्लंत?

लक्षणं कशी येतात

सॅक्सिटॉक्सिन मज्जातंतूंतले सोडियमचे दरवाजे बंद करतं. तंतूंतून निरोप जाईनासा होतो. आधी स्पर्श जातो, मग ताकद. खाल्ल्यापासून साधारण अर्ध्या तासात ते दोन तासांत, कधी दहा मिनिटांतही, ओठ, हिरड्या, जीभ यांना मुंग्या येतात. मग चेहरा, मान, हातापायांची बोटं. अंग हलकं, तरंगल्यासारखं वाटतं. डोकं दुखतं, मळमळतं, पण उलटी-जुलाब असतातच असं नाही, आणि म्हणूनच ही विषबाधा आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. पुढे बोलणं जड होतं, गिळताना ठसका लागतो, चाल झोकांड्या खाते. ज्याला जास्त विष गेलं त्याची छातीची ताकद जाते आणि श्वास बंद पडतो. हे सगळं दोन ते बारा तासांच्या आत घडतं.

आता विचार करा, आपल्या वाडीत एखादी बाई हवेत तरंगते म्हणते, जीभ अडखळते, पाय लटपटतात. लोक काय म्हणतील? पुरुष असला तर "प्यायलाय". बाई असली तर "अंगात आलंय" किंवा "बाहेरचं लागलंय". मग भगत, अंगारा, लिंबू. बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला त्या दारातून बाहेर काढलं, तरी रात्री अकरा वाजता घाबरलेल्या घरात कोणीतरी वडीलधारं माणूस हळूच ते दार दाखवतंच. मी पाहिलं आहे, म्हणून बोलते. विषबाधेत तिथे गेलेला तासच जीव घेतो.

ऍलर्जीशीही याची गल्लत होते. शिंपल्यांची ऍलर्जी असेल तर अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, ओठ-डोळे सुजतात, छातीत घरघर होते. त्याला ऍड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं आणि त्यालाही धावतच न्यायचं असतं. शैवालाच्या विषात सूज आणि गांधी नसतात, बधिरपणा असतो. शिळा बांगडा किंवा कुपा खाऊन तोंड लालबुंद होणं, डोकं ठणकणं हे आणखी वेगळं. नीट बर्फात न ठेवलेल्या माशात तयार होणाऱ्या हिस्टामिनमुळे ते होतं आणि साध्या गोळीने बहुधा उतरतं. पापण्या जड होऊन मिटायला लागल्या तर रात्रीच्या मण्यार-नागाच्या दंशाची शंकाही डॉक्टर घेतील, घ्यायलाच हवी. आपण त्यांना हे सांगायचं: किती वाजता, काय, किती खाल्लं, कुठून आणलं, आणि त्याच जेवणातलं आणखी कोणाला काही होतंय का. एका ताटात जेवलेल्या दोघांना एकाच वेळी मुंग्या आल्या तर टेन्शनचा प्रश्नच मिटला.

घरी काय, दवाखान्यात काय

या विषावर उतारा नाही. औषध नाही, लस नाही, इंजेक्शन नाही. हे वाचून घाबरू नका, कारण पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. शरीर हे विष लघवीतून स्वतःच बाहेर टाकतं. तोपर्यंत, साधारण एक दिवस, फार तर दोन-तीन दिवस, कोणीतरी त्या माणसाचा श्वास चालू ठेवला की तो बहुधा पूर्ण बरा होतो, मागे काही राहत नाही. विळिंजमला काय, ग्वातेमालात काय, हे विष श्वास बंद पाडून मारतं. म्हणून श्वास देण्याची सोय जिथे आहे तिथे वेळेत पोचणं, हाच यावरचा इलाज.

म्हणून नुसत्या ओठांच्या मुंग्या असल्या तरी निघायचं. "सकाळी बघू" नाही. १०८ ला फोन करा आणि शब्द हेच वापरा: "शिंपले खाऊन विषबाधा, श्वासाला त्रास होऊ शकतो, व्हेंटिलेटर असलेली गाडी पाठवा." १०८ च्या काही गाड्यांत व्हेंटिलेटर असतो, सगळ्यांत नसतो. गाडीला वेळ लागणार असेल तर रिक्षा, टेम्पो, जे मिळेल ते. मुरूडहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय ५० किलोमीटरच्या आसपास आहे, श्रीवर्धन-म्हसळ्याकडून तर त्याहून खूप लांब. दिघीच्या बाजूला राहणाऱ्यांनी रात्री फेरीबोटीच्या भरवशावर निघू नये, गाडीरस्ता कुठून ते आधी ठरवून ठेवावं. वाटेतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थांबणं वाया जात नाही. तिथे ऑक्सिजन आणि अॅम्बू बॅग असते, आणि पुढच्या प्रवासात बॅग दाबायला एखादी सिस्टर सोबत मागून घ्या. मागायला लाजू नका. रेशन कार्ड, आधार कार्ड हाताशी असेल तर घ्या, शोधत बसू नका. ते मागून कोणी आणून देईल.

मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून उलटी काढू नका. जीभ-घसा बधिर असताना उलटी श्वासनलिकेत जाते. तूप, दूध, ताक, दारू काही पाजू नका. गिळता येत नसेल तर पाणीसुद्धा नको. कुशीवर झोपवा. वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्या. विष पोटातून गेलेलं असतं, तोंडाने श्वास देणाऱ्याला ते लागत नाही. मान मागे करा, नाक चिमटीत धरा, आपलं तोंड त्याच्या तोंडावर घट्ट ठेवा आणि छाती वर येईल एवढी हवा सोडा. मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदाला एक श्वास, लहान मुलाला दोन-तीन सेकंदाला एक आणि बेताचा. नाडी लागत नसेल तर छातीही दाबावी लागते. ते कागदावर शिकता येत नाही, पुढच्या शिबिरात करून दाखवीन.

आणखी एक, आणि हे नर्सच सांगू शकते. हा रुग्ण बहुतेक वेळा शुद्धीत असतो. हात हलत नाही, पापणी हलत नाही, कधी डोळ्यांच्या बाहुल्याही उजेडाला दाद देत नाहीत, पाहणाऱ्याला वाटतं संपलं. पण त्याला ऐकू येत असतं. म्हणून उशाशी बसून "आता काही खरं नाही" म्हणून रडू नका. नाव घेऊन बोला, सांगा की विष उतरेपर्यंत मशीन श्वास देणार आहे, आपण इथेच आहोत. मी त्या रात्री बॅग दाबताना काय बोलले ते मला आठवत नाही, पण त्या बाईला आठवत होतं. घरी जाताना तिने ते मला म्हणून दाखवलं.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर लवकर आलेल्या, शुद्धीत असलेल्या रुग्णाला कोळशाची पावडर पाजतील, सलाइन लावतील, दर थोड्या वेळाने श्वास मोजतील. बरं वाटतं म्हणून लगेच घरी नेऊ नका, पहिला पूर्ण दिवस नजरेखाली राहिलंच पाहिजे. डॉक्टरांना सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, फोन रात्रंदिवस चालतो आणि पैसे पडत नाहीत: १८०० ११६ ११७. हा नंबर रुग्णाच्या नातेवाइकाने डॉक्टरांपुढे ठेवला तर चांगला डॉक्टर रागावत नाही. विषबाधा म्हटली की पोलिसांत नोंद होते, या भीतीने बरेच जण "काही खाल्लं नाही" असं सांगतात. ती नोंद म्हणजे नेहमीची पद्धत आहे, तुमच्यावर गुन्हा नाही. खोटं सांगाल तर डॉक्टर भलत्याच विषामागे लागतील.

सगळीच शैवाल-विषं अशी नसतात. एका प्रकारात फक्त जुलाब, उलट्या, पोटात मुरडा येतो आणि तीन दिवसांत थांबतो. त्याला ओआरएस पुरतं, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. दुसऱ्यात, कॅनडात १९८७ साली शिणाणे खाऊन शंभराहून जास्त लोक आजारी पडले तेव्हा कळलं, उलट्यांनंतर माणूस गोंधळतो आणि काहींची स्मरणशक्ती कायमची जाते. तिसरा प्रकार माशांतून येतो. प्रवाळाच्या खडकांवर वाढणाऱ्या सूक्ष्म जीवाचं विष छोट्या माशातून मोठ्या माशात चढत जातं. २०१६ मध्ये मंगळूरकडे तांबोशीची मुंडकी खाऊन बरेच लोक आजारी पडले ते यामुळे. त्याची ओळख विचित्र आहे: थंड पाणी हाताला चटका दिल्यासारखं लागतं. खाज, सांधेदुखी, नाडी मंद होणं. जीव सहसा जात नाही, पण त्रास आठवडे, कधी महिने पुरतो, आणि दारू प्यायली की परत उसळतो. कुठून आला माहीत नाही अशा मोठ्या तांबोशीचं डोकं, काळीज, आतडी आणि गाबोळी न खाल्लेली बरी.

गोड्या पाण्यातही हा प्रश्न आहे. उन्हाळ्यात गावतळ्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखी साय येते, ती निळ्या-हिरव्या शैवालाची असू शकते. त्यातलं एक विष यकृतावर जातं. १९९६ साली ब्राझीलमध्ये कारुआरू गावात डायलिसिसच्या मशीनला असं पाणी गेलं आणि पन्नासावर रुग्ण मेले. ते पाणी उकळून विष जात नाही, उलट शैवालाच्या पेशी फुटून ते पाण्यात उतरतं. अशा तळ्यात पोरांना पोहू देऊ नका, गुरांना पाजू नका, आणि पिण्याला दुसरं पाणी मिळेपर्यंत ग्रामपंचायतीला सोडू नका. पाण्यासाठी भांडायचं कसं हे महाडच्या लोकांना मी शिकवायला नको.

मावशींना दिलेलं उत्तर असं. पाणी चमकतंय, लाल-तपकिरी किंवा हिरवं झालंय, मासे मरून काठाला लागलेत, तर त्या खाडीतल्या तिसऱ्या, खुबे, कालवं, शिणाणे काही आठवडे काढू नका, विकू नका. पाणी परत साफ दिसलं म्हणून दुसऱ्याच दिवशी उतरू नका, कारण विष चिखलातल्या जिवात उरतं. बोंबील, पापलेट, कोळंबी यांच्या मांसात हे विष सहसा साठत नाही, ते खुशाल खा. हे मुद्दाम लिहिते, कारण अफवा उठली की सगळ्यात आधी टोपली घेऊन बसलेल्या बाईचा धंदा बुडतो, मग मासा कुठलाही असो. आणि पाणी अगदी साफ असतानासुद्धा, शिंपले खाल्ल्यावर ओठाला मुंग्या आल्या तर वर लिहिलं ते करायचं.

त्या बायका चार आठवडे खाडीत उतरल्या नाहीत तर खाणार काय, हा प्रश्न मावशींनीच पुढे विचारला, आणि त्यावर माझ्याकडे वैद्यकीय उत्तर नव्हतं. उपग्रहावरून शैवाल कुठे माजलंय ते हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था पाहते, कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेत शिंपल्यांचं विष तपासता येतं. म्हणजे ज्ञान देशात आहे, ते आपल्या धक्क्यापर्यंत येत नाही. आम्ही काही जणींनी ठरवलं आहे की येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी लिहून द्यायच्या: खाडीचा रंग बदलला की आशाताईंमार्फत आरोग्य केंद्राला कळवायची पद्धत, पावसाळ्यानंतर शिंपल्यांचे नमुने तपासणीला पाठवणं, आणि बंदीच्या दिवसांत शिंपले काढणाऱ्या बायकांना मासेमारांसारखीच भरपाई. या बायकांकडे बोट नाही, जाळं नाही, त्यामुळे कुठल्या यादीत नावही नाही. ते नाव आधी घालून घ्यावं लागेल. ज्यांना अर्जाचा मसुदा हवा आहे त्यांनी विहारात मागावा.

घरात कोणाला असा त्रास झालाच, तर उरलेलं कालवण आणि टरफलं फेकू नका. झाकणाच्या डब्यात घालून बर्फात ठेवा, वर तारीख, वेळ आणि खाडीचं नाव लिहा, मुलांचा हात लागणार नाही असं पाहा, आणि आरोग्य अधिकारी किंवा अन्न व औषध प्रशासनाच्या माणसाकडे देऊन पोच घ्या. केसपेपरवर "शिंपले खाल्ल्याचा इतिहास" हे शब्द लिहिलेत का ते वाचून पाहा. नसतील तर सिस्टरला सांगा, ती लिहील.